जाता जाता केलेला अल्बम

आलापल्लीवरून बोलतोय. मध्येच ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आमच्या चौकातून एक रस्ता सिरोंच्याला जातो, एक भामरागडला, आणि माझी खोली रस्त्यालाच लागून आहे.

आज एकच अल्बम. नाव 'अमेरिकन फुटबॉल'. बँडचं नावही तेच. खेळाशी काही संबंध नाही, नाहीतर मीही ऐकला नसता.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात अर्बाना नावाचं कॉलेजचं गाव आहे. तिथली तीन पोरं: माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमोस. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांचा हा पहिला अल्बम आला. नऊ गाणी. कॉलेज संपत आलेलं, पोरं पांगायला लागलेली, आणि बँड तिथंच थांबला. भांडण नाही, काही नाही.

याला इमो म्हणतात. इमोची सुरुवात १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंकमधून झाली, म्हणून आपल्याला वाटतं की आरडाओरडा असणार. इथं तसं नाही. माइक पुटपुटल्यासारखा गातो, सूर कधी कधी डगमगतो, आणि मला तेच आवडतं. लॅमोस ड्रम वाजवतो आणि ट्रम्पेटही. 'द समर एंड्स' मधला तो ट्रम्पेट रात्री हेडफोन लावून ऐका.

गिटारवाल्यांसाठी सांगतो. 'नेव्हर मेंट' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसतच नाही. जाड तारेपासून एफ, ए, सी, जी, सी, ई असं लावायचं. म्हणजे सहापैकी तीन तारा बदलायच्या. मी आठवडाभर जुन्या ट्यूनिंगवर झटत होतो, मग कळलं की बोटांची चूक नव्हतीच!

आता हे सगळं मी का सांगतोय? बारावीच्या उन्हाळ्यात आम्हीही तिघं होतो. एक गिटार, एक उलटी बादली, एक मोबाईल. चार गाणी रेकॉर्ड केली. जूनमध्ये एक नागपूरला गेला, एक हैदराबादला, मी इथंच राहिलो. मला खूप राग आला होता. वाटायचं, सोडूनच जायचं होतं तर केलं कशाला? ते फोल्डर मी दोन वर्षं उघडलं नाही.

त्या तिघांचा अल्बम मात्र बंद बँडचा असूनही लोक एकमेकांना ऐकवत राहिले. २०१४ मध्ये तो नव्यानं निघाला, बँड पुन्हा स्टेजवर आला आणि २०१६ मध्ये दुसरा अल्बम केला. मधे तब्बल सतरा वर्षं! कव्हरवर दिसणारं अर्बानातलं ते पांढरं घर बघायला लोक जातात. २०२३ मध्ये बँडनं, त्यांच्या पॉलिव्हायनल या लेबलनं आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतलं.

मागच्या रविवारी मी फोल्डर उघडलं. तिसऱ्या गाण्यात ताल पार सुटलाय, मागं कोणाची तरी आई जेवायला हाक मारतेय. तरी शेवटपर्यंत ऐकलं. मग आमच्या जुन्या ग्रुपवर ते गाणं टाकलं, खाली 'नेव्हर मेंट'ची लिंक.

नागपूरवाल्यानं अजून बघितलं नाही. हैदराबादवाल्याचं रात्री दीड वाजता उत्तर आलं, "गिटार विकली का बे?"

नाही विकली. एक तार तुटलीय फक्त.