खेळांतल्या मोटारी : नमुना, चूक आणि कारागिरी



तळहातावर मावणारी खेळांतली मोटार हजारो रुपयांना विकली जाते, हें ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. मलाही येत असे. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माझ्या नातवानें साठविलेले सारे पैसे देऊन एक बिनरंगी मोटार घेतली. ‘हा कारखान्यांतील मूळ नमुना आहे,’ असें विकणारानें त्यास सांगितलें होतें. आम्हीं ती येथील शिवाजी उद्यमनगरांत ओतकामाचा धंदा करणाऱ्या एका स्नेह्यांना दाखविली. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, ‘हें वेगळेंपण कामाच्या कोणत्या टप्प्यावर आलें?’ खऱ्याखोट्याची सारी पारख या प्रश्नांत आहे.

या मोटारी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. वितळलेला धातु दाबानें पोलादी साच्यांत शिरतो आणि सांगाडा तयार होतो. त्यावर रंग चढतो, छाप उमटतात. मग कांच, आसनें, चाकें व तळ बसवून रिव्हेट ठोकतात. शेवटीं पुठ्ठ्यावर पारदर्शक आवरण चिकटवितात.

अस्सल नमुना या क्रमाच्या आरंभींचा असतो. अमेरिकेंतील मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स मालिकेंत १९६९ सालीं बीच बॉम्ब नांवाची मोटार निघाली. तिच्या पहिल्या नमुन्यांत लाटांवर घसरण्याच्या फळ्या मागील खिडकींतून आंत घातलेल्या होत्या. तो नमुना अरुंद असल्यामुळें मोटारींना वेग देणाऱ्या यंत्रांतून नीट जाईना. म्हणून बाजू रुंद करून फळ्या बाजूंच्या खांचांत बसविल्या. येथें फरक धातूच्या घडणींतच आहे. तो घरीं रंगाची डबी घेऊन निर्माण करतां येत नाहीं.

कारखान्यांतील चूक पुढच्या टप्प्यांवर होते. एका बाजूचा छाप राहून जातो, चाक भलतेंच लागतें. अशा वेळीं रिव्हेट व आवरण अभंग असावें. आवरणाच्या कडेला दुबार डिंक दिसल्यास सावध व्हावें. छाप द्रावणानें पुसला असेल, तर तिरप्या उजेडांत त्याची पुसट खूण पुष्कळदां दिसते.

हौशी कारागीर मात्र पुरी झालेली मोटार घेतो, रिव्हेट पोखरून ती उघडतो आणि नवी सजवितो. ही कला सांगून केली तर कौतुकास्पद आहे. लपविली तर ती फसवणूक होय.

आणखी एक गफलत सांगतों. १९८० नंतरच्या दशकांत लिओ-मॅटेल या नांवानें भारतांत निघालेल्या मोटारींचे रंग परदेशी मोटारींहून निराळे असत. तो नमुना नव्हे, चूकही नव्हे. तें येथलें नेहमीचें उत्पादन होतें. केवळ रंग अनोळखी म्हणून वस्तु दुर्मिळ ठरत नाहीं.

आतां नातवाची मोटार. भिंगाखालीं तिच्या आंतल्या खांचांत निळ्या रंगाचे कण सांपडले, आणि रिव्हेटच्या जागीं पोखरल्याची खूण. रंग चढला होता. मग तो काढला होता. पोर हिरमुसलें. थोड्या वेळानें म्हणालें, ‘आजोबा, मीही हिला नमुना म्हणूनच विकूं का?’

मीं म्हणालों, ‘तुला विकणारालाही कदाचित् कोणी असेंच विकलें असेल.’

त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. मोटार अजून त्याच्या कपाटांत आहे. तिच्या खालीं त्यानें स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : ‘रंग काढलेली.’ पैसे गेले. परंतु ही फसवणूक त्याच्या हातून पुढें गेली नाहीं.