मागच्या दाराचं कुलूप



औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येणार म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिली धावपळ होते ती रजिस्टरांची. हजेरीपत्रक एका रात्रीत लिहून निघतं, बादल्यांत ताजी वाळू पडते, मुदत संपलेली अग्निशामक नळकांडी घाईघाईने भरायला जातात. जाणता तपासनीस मात्र फाईल नंतर मागतो, आधी शेडमध्ये फिरतो.

सटाण्यातल्या डाळिंबाच्या पॅकहाउसमध्ये त्याला काय दिसेल? ग्रेडिंगच्या पट्ट्याजवळ बायका उभ्या आहेत. साडीवर पुरुषी सदरा, डोक्याला स्कार्फ. स्कार्फचं सुटलेलं टोक आणि पट्ट्याची उघडी साखळी यांत वीतभर अंतर. साखळीवरचं पत्र्याचं झाकण ग्रीस लावायला काढलं होतं, ते अजून भिंतीला टेकलेलं आहे. यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलं होतं. चालू यंत्राची सफाई किंवा तेलपाणी बाईमाणसाकडून करून घेऊ नये, हेही त्यातच होतं. झाकण परत बसवायला चार स्क्रू लागतात आणि पट्टा दहा मिनिटं थांबवावा लागतो. गाडी भरायची घाई असते तेव्हा नेमकी हीच दहा मिनिटं कोणी देत नाही.

धोका नुसता यंत्राचा नाही, आगीचाही आहे. मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे ७ जून २०२१ रोजी एका कंपनीच्या आगीत १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सटाण्याच्याच जिल्ह्यात, इगतपुरीजवळच्या मुंढेगावात, १ जानेवारी २०२३ रोजी जिंदालच्या कारखान्यात आग भडकली आणि तिथेही कामगारांचे बळी गेले. ते रसायनांचे आणि प्लास्टिकचे कारखाने, इथे तर कांदा-डाळिंब, असं म्हणून सुटका होत नाही. पुठ्ठ्याचे बॉक्स, कागदाचा भुसा, प्लास्टिकचे क्रेट, बारदानाच्या थप्प्या: पॅकहाउसमध्ये जळायला हवं ते सगळं हजर असतं. त्यात उघडी वायर, आणि चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप. माल वाचवणारं ते कुलूप माणसांची वाट अडवतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची संहिता लागू झाली आहे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार झाले की तो कारखाना ठरतो. पण १० माणसं राबणारी आस्थापनाही संहितेच्या कक्षेत येते आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. मुकादमाने आणलेल्या बायकांची नावं त्याच्या खिशातल्या वहीत आणि मालकाकडे नुसता आकडा, ही पद्धत आता मोडलीच पाहिजे. आग लागली तर आत किती जणी होत्या, हे कोण सांगणार?

तपासणीला छळ मानणाऱ्यांनी थोडं मागे पाहावं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी, ही मागणी त्यात होती. सुरक्षेचा आग्रह कामगारांनीच धरला होता.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. उन्हाळ कांद्याची आवक भरात येण्याआधी तो येतो. त्या दिवशी सटाण्यातल्या प्रत्येक खळ्यावर आणि पॅकहाउसमध्ये मेन स्विच बंद करावा, शिट्टी वाजवावी, सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढावं आणि बाहेर आलेली माणसं हजेरीशी ताडून मोजावीत.