स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया : थोडी माहिती, थोडा विचार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



विषयाचे नाव वाचल्याबरोबर मागच्या रांगेतले काही पदर तोंडाशी गेले, ते मला इथून दिसले. संकोच मलाही आहे. परंतु ज्या गोष्टी आपण माजघरात कुजबुजतो, त्या एकदा उजेडात नीट बोललेल्या बऱ्या, असे अध्यक्षबाईंचे म्हणणे पडले व मला ते पटले.

हा विषय मंडळात आपण होऊनच आला. आपल्या केळशीत घरटी एक तरी माणूस मुंबईला. गणपतीला, शिमग्याला, महालक्ष्मीच्या जत्रेला लेकी-सुना येतात, आणि मोबाइलवरची जाहिरात दाखवून विचारतात, "काकू, लहानशा छेदात छाती पूर्ववत करून देतात म्हणे. खरे का हो?" कोणी विचारते, "अंगावर पाजले की बांधा बिघडतो ना? मग लवकर बाटली लावलेली काय वाईट?" पहिला प्रश्न पैशाचा आणि देहाचा आहे. दुसरा तान्ह्या लेकराच्या तोंडच्या दुधाचा आहे. दोन्हींची उत्तरे द्यायला हवीत. मी सातवी शिकलेली गृहिणी, डॉक्टर नव्हे. विचारून व वाचून जे पक्के समजले तेवढेच सांगते.

प्रथम दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. स्तनात दुधाच्या ग्रंथी असतात, चरबी असते, आणि त्यांना सावरून धरणारे बारीक तंतू असतात. स्तनात स्वतःचा असा स्नायू नसतो. गरोदरपणी ग्रंथी वाढतात, कातडी ताणते. पुढे ग्रंथी आटतात, पण ताणलेली कातडी पूर्वीइतकी आवळत नाही. म्हणजे फरक पडतो तो गरोदरपणाने, पाजण्याने नव्हे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली हाच प्रश्न तपासला. वय, शरीराची स्थूलता, बाळंतपणांची संख्या, मुळातला स्तनांचा आकार आणि धूम्रपान या कारणांनी स्तन ओघळतात, असे त्यांना आढळले. अंगावर पाजण्याचा दोष त्यात निघाला नाही. तेव्हा सुनेला कोणी बांध्याचे भय घातले तर तिला हे जरूर सांगा. सहा महिने निव्वळ आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाचा हा हक्क खोट्या भीतीपायी जाता कामा नये.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. ही विद्या आपल्याला परकी आहे असे समजू नका. टिपूबरोबरच्या युद्धात कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक कापले गेले होते. कपाळाची कातडी वळवून पुण्याच्या एका कारागिराने ते त्याला नवे करून दिले. त्याचे वर्णन १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आले. ते वाचून पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने तशी शस्त्रक्रिया केली. आपल्या काळात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांचे हात व चेहरे सुधारले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कावसजीच्या नाकातले मर्म असे की, कातडी पूर्ण तोडायची नाही, एका बाजूने देठासारखी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त पोचते आणि ती जगते. स्तन उचलतानाही हेच करतात. बोंड एका देठावर जिवंत ठेवून वर सरकवतात आणि खालची जास्तीची कातडी काढतात. तो देठ दुखावला तर बोंडाला धोका पोचतो. छेद बाहेरून लहान दिसला तरी आतले काम असे नाजूक असते.

छेदांचे प्रकार आपल्या शिवणवर्गातल्या भाषेत सांगते, म्हणजे चटकन कळतील. आधी डॉक्टर पाहतात की स्तनाखालची जी घडी, तिच्या मानाने बोंड कुठे आहे. घडीच्या पातळीत असेल तर पहिली पायरी, घडीच्या खाली गेले असेल तर दुसरी, आणि अगदी तळाला जाऊन जमिनीकडे वळले असेल तर तिसरी. कोणता छेद घ्यावा ते या मापावर ठरते, जाहिरातीवर नव्हे.

सर्वांत लहान छेद चंद्रकोरीएवढा, बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या वरच्या कडेला. त्याने अगदी थोडा फरक पडतो. त्यानंतरचा छेद त्या वर्तुळाभोवती गोल घेतात. फ्रान्समधील डॉ. बेनेली यांनी १९९० साली गोल टाक्याची जी रीत मांडली, ती परकराच्या नेफ्यासारखी आहे. कातडीचा एक गोल काढायचा आणि कडेने दोरा ओवून नाडीसारखा आवळायचा. व्रण वर्तुळाच्या कडेत लपतो, हा मोठा फायदा. पण नाडी आवळली की चुण्या पडतात हे आपण रोज पाहतो. तशा इथेही पडतात. कापड फार असेल तर नाडीवर ताण येतो. मग व्रण रुंदावतो, वर्तुळ पसरते, स्तन पुढून चपटा दिसतो, आणि काही दिवसांनी पुन्हा ओघळतो. म्हणून ही रीत पहिल्या पायरीलाच शोभते.

तिसरा प्रकार वर्तुळाभोवती गोल आणि तिथून खाली घडीपर्यंत एक उभी रेघ. हा झाला ब्लाउजचा टक्स. टक्स घातला की कापडाला गोलाई येते, तशी इथे ग्रंथी आतून आवळता येते आणि आकार टिकतो. दुसऱ्या पायरीला हा बहुधा योग्य. चौथ्या प्रकारात घडीतून एक आडवी रेघही येते, म्हणजे व्रण नांगरासारखा होतो. व्रण सर्वांत लांब, परंतु फार ओघळलेल्या किंवा जड स्तनाला चांगला आकार यानेच येतो. तिसऱ्या पायरीच्या बाईला कोणी 'लहान छेदात करून देतो' म्हणाले तर सावध व्हावे. अंगाला मोठी झालेली चोळी नुसती नाडी आवळून बेतशीर होत नाही.

सारांश, व्रण आणि आकार यांचा हा सौदा आहे. व्रण कमी हवा तर आकार व टिकाऊपणा यांत थोडे सोडावे लागते. आकार हवा तर व्रण पत्करावा लागतो. दोन्ही हातांत लाडू देणारी शस्त्रक्रिया अजून निघालेली नाही. त्यातून आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड व उंच होण्याचा संभव गोऱ्यांपेक्षा अधिक. कान टोचल्यावर, देवीच्या टोचणीवर, किंवा बाळंतपणाच्या टाक्यावर जिला गाठीसारखा व्रण आला असेल तिने ते डॉक्टरांना आधी सांगावे. व्रण फिका व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ जातो.

बाकीचे धोकेही मोकळेपणाने सांगते. रक्त साठणे, जखम चिघळणे, दोन बाजू सारख्या न होणे, बोंडाची जाणीव कमी होणे, आणि क्वचित बोंडाचा रक्तपुरवठा तुटणे. पुढे बाळंतपण झाले तर दूध कमी येऊ शकते, आणि उचललेला स्तन पुन्हा ओघळतो. म्हणून मुले व्हायची असतील तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, आणि वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच विचार करावा. वय कोणासाठी थांबत नाही. उचललेलेही वर्षांगणिक थोडे खाली येतेच.

एक गोष्ट खास आपल्याकडची. आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी मशेरी लावतात. तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि जखमेला रक्त पोचू देत नाही. विडी ओढली काय, मशेरी लावली काय, रक्तात निकोटीन जातेच. बोंडाचा देठ रक्तावर जगतो हे आताच सांगितले. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर कित्येक आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवावी लागते, आणि डॉक्टरांपासून ती लपवणे म्हणजे स्वतःचाच घात. शस्त्रक्रिया करा न करा, मशेरी सोडलेली उत्तमच.

'एका दिवसात घरी' हे बोलणे रुग्णालयापुरते खरे असू शकते. घरी आल्यावर काय? विहिरीचे पाणी शेंदणे, हंडा उचलणे, पाटा-वरवंटा, कडेवर मूल घेणे, हे सारे चार ते सहा आठवडे बंद. ज्या घरात दुसरे माणूस हाताखाली नाही, तिथे या आठवड्यांची सोय आधी बघावी. जखम तपासायला फेऱ्या पडतात, आणि केळशीहून मुंबई जवळ नाही.

पैशाचेही बोलू. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सामान्यतः देत नाही. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, औषधे, नंतर घालायची घट्ट बंडी, आणि काही बिघडले तर दुरुस्ती, या सर्वांचा आकडा लेखी मागावा. सोनारानेच कान टोचावेत अशी आपल्यात म्हण आहे. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. असे प्रश्न विचारल्याचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडून उठून यावे. दागिने गहाण ठेवून तर हे मुळीच करू नये.

शस्त्रक्रियेवाचून काय होते? मापाची, नीट आधार देणारी आतली चोळी घातली तर खांदे-पाठ दुखणे कमी होते आणि अंगावर कपडा नीट बसतो. मात्र तिने कायमचे उचलले जात नाही. व्यायामाने स्तनामागचा छातीचा स्नायू बळकट होतो, बाई ताठ चालते, हा लाभ थोडका नाही. तेले व मलमे चोळून ओघळलेला स्तन वर येत नाही. तो पैसा वाया. दोरे घालून उचलणे, कातडी आतून तापवून आवळणे असे बिनछेदाचे प्रकारही निघाले आहेत. त्यांचा परिणाम थोडा, आणि दोऱ्यांचा तर टिकतही नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही स्तन हळूहळू ओघळणे हा वयाचा व बाळंतपणाचा धर्म आहे, रोग नव्हे. पण एकाच बाजूला फरक पडला, गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढले गेले, किंवा त्यातून रक्त आले, तर तो उचलण्याचा विषय राहत नाही. आधी दापोलीला सरकारी रुग्णालयात दाखवावे. पुढे परळचे टाटा रुग्णालय आहे. त्या रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत. २०२१ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. यंत्र नाही, मोठा खर्च नाही; शिकलेले हात आणि दाखवायची तयारी, एवढेच. उचलण्याची शस्त्रक्रिया ठरवलीच, तर चाळिशीपुढच्या बाईने आधी मॅमोग्राफी करून घ्यावी, आणि पुढे कधीही तपासणीला गेल्यास ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे, कारण आतले व्रण छायाचित्रात दिसतात. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतही आता हेच उचलण्याचे छेद वापरून पुष्कळ बायकांचा स्तन वाचवतात. अर्थात गाठ लवकर दाखवली तर.

जिला आपल्या देहाने खरोखर बेचैनी वाटते आणि जिची ऐपत आहे, तिने सर्व जाणून ही शस्त्रक्रिया केली, तर तिला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि जिने चार मुलांना पाजून आपला बांधा आहे तसा मान्य केला, तिलाही कोणी जाहिरातीवरून कमी लेखू नये. ठरवायचे ते तिचे तिने. मात्र ते माहितीवर ठरवावे. भीतीवर, लाजेवर किंवा दुसऱ्याच्या नजरेवर नव्हे.

येत्या बैठकीला दापोलीहून आरोग्यसेविकेला बोलवावे आणि हाताने तपासणी कशी करतात ते आपण सर्वांनी समजून घ्यावे, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे करते.