राज्याचे ऊर्जाधोरण : मोजायचे काय?



राज्याचे ऊर्जाधोरण कसे ठरावे, या विषयावर मी बोलावे अशी आपली सूचना आली, तेव्हा मला प्रथम माझ्याच जुन्या टिपणांची आठवण झाली. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून वर्षानुवर्षे मी फळ्यावर दरडोई वीजवापराची रेषा काढीत असे, शेजारी दरडोई उत्पन्नाची. आणि दोन्ही बरोबरीने चढतात हे दाखवून विद्यार्थ्यांना सांगत असे की, वीज वाढली म्हणजे विकास झाला. रेषा खोट्या नव्हत्या. पण सरासरीच्या त्या रेषेत मुंबईतले वातानुकूलित कार्यालय आणि मेळघाटातले झोपडे एकत्र विरघळून जातात, हे मी फारसे सांगत नसे. आज त्या चुकीची थोडी भरपाई करावी म्हणतो.

आपल्याकडे ऊर्जाधोरण म्हणजे बहुधा मेगावॅटचा आकडा. 2015 च्या अपारंपरिक ऊर्जाधोरणात उद्दिष्ट होते 14,400 मेगावॅटचे : सौर 7,500, पवन 5,000, उरलेले उसाचे चिपाड, लघुजलविद्युत वगैरे. 2020 मध्ये नवे धोरण आले, त्यात आकडा 17,360 झाला. असे आकडे मांडण्यात गैर काही नाही. कोळशावरचा भार कमी झालाच पाहिजे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची राख ज्यांच्या दारात पडते त्यांना ते मी सांगायला नको. पण मेगावॅट हे यंत्राच्या ताकदीचे माप आहे, माणसाच्या गरजेचे नव्हे. कोणासाठी, कोणत्या कामासाठी, दिवसाच्या कोणत्या वेळी वीज हवी, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि जे उद्दिष्टात लिहिलेले नाही त्याचा जाब पुढे कोणी विचारीत नाही.

मेगावॅटपासून सुरुवात केली की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पुरते भोगले आहे. 1992 मध्ये एन्रॉनशी दाभोळच्या प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. सुमारे दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प आधी ठरला, त्याची गरज मागाहून सिद्ध करण्यात आली. जागतिक बँकेनेही 1993 मध्ये तो व्यवहार्य नसल्याचे कळवून कर्ज नाकारले होते. ती बँक काही समाजवाद्यांची नव्हे! तरीही त्याच वर्षी वीजखरेदीचा करार झाला. 1995 मध्ये तो रद्द झाला आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा जोडला गेला. मंडळाने वीज घेवो वा न घेवो, स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरच्या हिशेबाने. 1999 मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा 2001 मध्ये बंद पडला. गुहागरच्या ज्या गावकऱ्यांनी प्रारंभापासून विरोध केला त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले होते. असो.

याच्या नेमकी उलट रीत शेजारच्या कर्नाटकात एका शास्त्रज्ञाने मांडली होती. बंगळूरचे प्रा. अमूल्य रेड्डी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1991 मध्ये त्या राज्याचा वीजआराखडा प्रसिद्ध केला. प्रत्येक घरात दिवा, शेताला पाणी, कारखान्याला गती, अशा अखेरच्या कामांची त्यांनी प्रथम मोजणी केली; ते काम कमीत कमी विजेत कसे होईल ते पाहिले; आणि शेवटी किती वीज लागेल ते काढले. सरकारी समितीने 2000 सालासाठी वर्तवलेल्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी विजेत भागेल, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यांच्या एखाद्या गृहीतावर मतभेद होऊ शकतो, माझेही आहेत. पण हिशेबाचा क्रम बरोबर होता. आधी माणूस, मग काम, मग यंत्र.

हाच क्रम आपल्या शेतीपंपाला लावून पाहू. शेतकऱ्याला वीज नको असते, त्याला पाणी हवे असते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला, यंत्रात काहीच वाया जात नाही असे मानले तरी, पाव युनिटहून थोडी अधिक वीज लागते. आपल्याकडील पंप, झिजलेले पाइप आणि कमीजास्त होणारा दाब धरला तर अर्ध्या युनिटच्या वर. विहिरीला दहा मीटरवर पाणी असेल तर हाच खर्च एकदशांश. म्हणजे भूजलाची पातळी दहावरून शंभर मीटरवर गेली की तेवढ्याच पिकाला, तेवढ्याच पाण्याला दहापट वीज. आपल्या आकडेवारीत ही दहापट वाढ ‘कृषिक्षेत्राच्या वीजवापरातील प्रगती’ म्हणून नोंदली जाते! बोअर कोरडी पडल्यामुळे ज्याने दुसरी, तिसरी घेतली आणि कर्जात बुडाला, त्याचे बुडणे आमच्या आलेखात चढत्या रेषेने दिसते.

त्यातून लाखो पंपांना मीटर नाही. वीज नियामक आयोगाने 2000 साली पहिला दर-आदेश काढताना मंडळाचे हिशेब तपासले, तेव्हा गळती अठरा टक्क्यांच्या आसपास नसून तीस टक्क्यांच्या वर असल्याचे उघड झाले. मधली वीज कागदावर शेतकऱ्याच्या नावे टाकली गेली होती. शहरातल्या चोरीचे आणि तारांतल्या गळतीचे पाप वर्षानुवर्षे त्याच्या माथी मारले गेले, आणि वर ‘शेतकरी फुकट खातो’ हे बोलही त्यालाच ऐकावे लागले.

फुकट विजेचा प्रश्न मी टाळणार नाही. 2004 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ती दिली गेली आणि पुढच्या वर्षी काढून घेतली गेली. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख पंपांना ती पुन्हा पाच वर्षांसाठी देण्यात आली. संकटातल्या शेतकऱ्याला सवलत देण्यास विरोध करणारा मी नव्हे. पण ज्याच्या शेतात विहीर नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला, आणि ज्याच्याकडे शेतच नाही त्या मजुराला, या सवलतीतला एक पैसाही मिळत नाही; चार पंपांवर ऊस पिकवणाऱ्याला चौपट मिळतो. पंजाबने 2018 मध्ये एक प्रयोग सुरू केला. शेतकऱ्याला विजेचा ठराविक कोटा द्यायचा आणि त्यातून वाचवलेल्या प्रत्येक युनिटचे चार रुपये त्याच्या हाती ठेवायचे. सवलत तीच, पण पाणी उपसण्याचे बक्षीस मिळण्याऐवजी ते राखण्याचे मिळते. आपण निदान एका तालुक्यात हे करून पाहायला काय हरकत आहे?

सौर कृषिवाहिनीची योजना 2017 पासून आहे आणि 2023 मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा हाती घेतला गेला. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौरप्रकल्प जोडून शेतीची वाहिनी दिवसा चालवायची, ही कल्पना मला मनापासून पटते. रात्री दोन वाजता दारे धरायला जाणाऱ्या माणसाला साप, बिबट्या आणि थंडी यांची काय किंमत मोजावी लागते, ते आपणांपैकी अनेकांनी घरात पाहिले असेल. युनिटला सुमारे तीन रुपये हा दरही परवडणारा आहे. फक्त त्या योजनेचे यश उभारलेल्या मेगावॅटवर मोजू नये. कोणत्या वाहिनीवर किती दिवस, दिवसा सलग आठ तास, पुऱ्या दाबाने वीज मिळाली, आणि जळालेली डीपी किती दिवसांत बदलली, याचा तक्ता दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. मोजायचे ते हे.

आणि स्वयंपाकघर? ऊर्जा म्हणजे वीज, हे समीकरण पुरुषांनी केलेले आहे. खेड्यातल्या बाईच्या हातून रोज जाणारी ऊर्जा म्हणजे डोक्यावरची मोळी. 2016 पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी मिळाली. पण वर्षाला किती सिलिंडर भरून आणणे परवडले, हे राज्याच्या उद्दिष्टांच्या यादीत नाही. गॅस हा केंद्राचा विषय, असे उत्तर मिळेल. चुलीचा धूर मात्र केंद्र-राज्य असा भेद करीत नाही.

एक मुद्दा उरला. सौरप्रकल्पांना जमीन लागते आणि सरकारी जमीन म्हणून अनेक ठिकाणी गायरानावर बोट ठेवले जाते. कागदावर ती पडीक असते. प्रत्यक्षात तिच्यावर भूमिहीनाच्या चार शेळ्या जगतात. मुंबईच्या विजेसाठी मुळशीच्या मावळ्यांची शेते पाण्याखाली जाऊ लागली, तेव्हा 1921 मध्ये सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. धरण झाले, वीज गेली, माणसे उठली. सूर्याची वीज स्वच्छ आहे म्हणून तिच्या कुंपणाबाहेर कोण राहिले हे पाहायचे नाही, असे चालणार नाही. गायरान द्यायचे तर ग्रामसभेच्या ठरावाने द्यावे, शेळ्यांना चराईची दुसरी जागा आधी दाखवावी, आणि प्रकल्पाच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा भूमिहीन कुटुंबांच्या नावे, शक्यतो बाईच्या खात्यात, दरवर्षी जमा करण्याची अट करारातच घालावी. करारावर सह्या झाल्यानंतर ही मागणी करून उपयोग नाही.