संकटकाळची यंत्रणा : घरची की ठेक्याची?

(निडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



निडीच्या एका बाजूस रोहा-धाटावची रासायनिक वसाहत, तर दुसऱ्या बाजूस नागोठण्याचा पेट्रोरसायन कारखाना. नोव्हेंबर १९९० मध्ये, तो सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सकडे असताना, तेथे वायुगळतीतून झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. संकटात सावरण्याची साधने कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न या भागास पुस्तकी नाही.

आज तोच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात उभा आहे. मोठ्या कंपनीचा सारा हिशेब संगणकात असतो. मूळ केंद्र बंद पडल्यास काम चालू राहावे म्हणून दूरच्या शहरात पर्यायी केंद्र ठेवावे लागते. ते स्वतः उभारावे, की ठेकेदाराकडून भाड्याने घ्यावे? भाडे स्वस्त दिसते. कारण एरवी न लागणारी यंत्रे आणि माणसे ताळेबंदात वायफळ वाटतात. परंतु ठेकेदार तीच यंत्रे अनेकांना देत असेल, तर सर्वांवर एकदम संकट आल्यास पहिला हक्क कोणाचा? शिवाय ठेका संपला की जाणकार माणूसही जातो.

तथापि केवळ मालकीनेही भागत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले, ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. बाहेरच्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्यांत बिघाड झाला होता. पर्यायी केंद्र होते. पण काम तिकडे हलविलेच गेले नाही. साधन होते, निर्णय नव्हता. पुढे सेबीने असा बिघाड अर्ध्या तासात आपत्ती म्हणून जाहीर करण्याचे बंधन घातले.

कारखान्यांच्या बाबतीत हे सूत्र भोपाळनंतरच मान्य झाले होते. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांतील सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतकेच स्थान आणि नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. १९८९ च्या नियमांनी आवारातील संकटाचा आराखडा कारखानदारावर सोपविला, आवाराबाहेरचा जिल्हा प्रशासनावर.

म्हणून मागणी दुहेरी हवी. यंत्रणा घरची असावीच. पण ती चालविणारी माणसे कायम नोकरीची व नित्य सरावाची असावीत आणि धोक्याची घंटा वाजविण्याचा अधिकार त्यांच्याच हाती असावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे सारेच जाणतात. पोहरा कोणाच्या हाती, हेही आधीच ठरले पाहिजे.