देवाच्या आश्रयाचे मोहोळ
(जीर्णोद्धार समारंभात शाळेच्या मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



कोणी रोकड दिली, कोणी धान्य दिले, कोणी अंगमेहनत केली, म्हणून आज हे मंदिर उभे राहिले. या कामात निघालेल्या एका प्रश्नाविषयी चार शब्द सांगतो.

शिखराला परांची बांधताना आग्यामोहोळ आढळले. टेंभा लावून ते जाळावे, असे काहींचे म्हणणे पडले. भीती खोटी नव्हती. आग्यामाश्या चवताळल्या तर जिवावर बेतते. परंतु देवाच्या आश्रयाला आलेला जीव मारू नये, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले व तेवढे काम थांबले. फुलोरा सरताच माश्या आपणहून उठून गेल्या. आग्यामाशी वारकऱ्यासारखी असते. हंगाम संपला की जाते आणि पुष्कळदा पुन्हा त्याच ठिकाणी येते.

यात भूतदया आहे, तसा आपला स्वार्थही आहे. सूर्यफुलाचे दाणे भरावयाचे, कांद्याचे बी धरावयाचे, तर परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जावे लागतात. ते काम मधमाश्या करतात. तुरीच्या फुलांवर भुंगेही राबतात. या मजुरांना रोजगार द्यावा लागत नाही. मात्र भर फुलोऱ्यात सकाळी औषध फवारले, तर ते शेतातच मरून पडतात. फवारणी टळत नसेल, तर माश्या परतल्यावर सायंकाळी करावी.

सह्याद्रीत देवराया आहेत. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतर त्यांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला कुऱ्हाड लागत नसे, म्हणून तेथील झाडे व जीव टिकले. आपल्याकडे रान थोडे. पण पारावरचा वड-पिंपळ आपण त्याच भावनेने राखतो. मेळघाटात कोरकू बांधवांना सगळे पोळे न कापता फक्त मधाचा भाग काढण्याचे शिक्षण दिले गेले. अंडी-पिल्लांचा भाग राहिला, की माश्या पोळे पुन्हा बांधतात. घ्यावे, पण मूळ राखावे, ही रीत आपल्या वाडवडिलांचीही होती.

ती पुस्तकातून मुलांच्या अंगी येणार नाही. म्हणून शाळेतील मुलांनी कोणत्या फुलावर कोणती माशी, किती वाजता येते, याची वही ठेवावी. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. मोहोळाला दगड मारू नये, त्याच्याजवळ धूर वा फटाके करू नयेत. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या या मुलखात तुळस लावा म्हणून सांगावयास नको; तिच्या मंजिऱ्यांवर माश्या येतात, हे मुलांना दाखवा. अधिक माहितीसाठी १९७२ साली स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे.

देणगीदारांना एकच विनंती. मंदिरामागील मोकळ्या जागेत फरशी न घालता शेवगा, कडुनिंब व तुळस लावण्यास साह्य करावे. झाडांना पाणी घालण्याची जबाबदारी शाळा घेईल.