पाच किलोमीटर, तोच रस्ता
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला माहिती तंत्रज्ञानातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्यातलं आपल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी विषय बदलून मागितला. सकाळपासून चहापाशी उभी राहून ऐकतेय. दहाजणांत चारजण तरी "बिनसाखरेचा" म्हणतात. आपण सगळे पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. तेव्हा आज पळण्याबद्दल बोलते.

नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी महाविद्यालयातून इंजिनिअर झाले आणि पुण्याला गेले. तेव्हापासून खुर्चीतच आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईला मधुमेह आहे. जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून थांबलेली आई तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली आहे. तो जिना मला पंधरा वर्षं पुढं दिसत होता.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता थोडं पळायला लागले. पण फरक पडतोय की नाही, हे कळायचं कसं? वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. रात्री लोणचं जास्त झालं तरी तो सकाळी अर्धा किलो वाढवून दाखवतो. मनगटावरचं घड्याळ तर रोज नवा आकडा देतं आणि रोज शाबासकीही देतं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रोग्राममध्ये काही बदललं की तीच जुनी चाचणी पुन्हा चालवायची. चाचणी बदलायची नाही, नाहीतर सुधारणा प्रोग्राममध्ये झाली की चाचणीच सोपी झाली, ते कळत नाही. शरीरासाठी मला अशी चाचणी सापडली ती पाच किलोमीटरच्या शर्यतीत. वर्षातून एकदा, तीच शर्यत, तोच रस्ता, डिसेंबरातली तीच थंडी.

एकटीनं पळून वेळ लावता येते की, असं कुणी म्हणेल. येते, पण एकटं पळताना माणूस स्वतःला सांभाळून घेतं. छातीवर नंबर लावला, पुढं एक साठीच्या आजी पळताना दिसल्या, की जेवढी ताकद आहे तेवढी बाहेर येते. आणि मोजायची तीच तर आहे. शिवाय चांगल्या शर्यतीचा रस्ता नीट मोजलेला असतो. त्यासाठी चाकाचे फेरे मोजणारं यंत्र लावलेली सायकल आधी पोलादी फीतपट्टीनं मोजलेल्या अंतरावर तपासून घेतात आणि मग वळणांवरून सर्वांत जवळच्या रेषेनं फिरवतात. आपण पळताना ती रेषा कुठं धरतो? म्हणून घड्याळ ५.१ दाखवतं आणि लोक संयोजकांशी भांडतात. नंबरामागं चिप असेल तर आरंभरेषा ओलांडल्यापासूनची स्वतःची वेळ मिळते, गर्दीत मागं उभं राहिलात तरी. वहीत तीच लिहायची.

माझी वही सांगते. पहिल्या वर्षी ४१ मिनिटं २० सेकंद, शेवटचा किलोमीटर जवळजवळ चालतच. दुसऱ्या वर्षी ३६ मिनिटं ४५ सेकंद. या वर्षभरात वजन किती उतरलं? फक्त दीड किलो. काट्याचं ऐकलं असतं तर बूट माळ्यावर गेले असते. साखर ५.८ वर आली, ती नुसती पळण्यानं आली असं मी म्हणणार नाही. रात्रीचा भातही कमी केला होता. तिसऱ्या वर्षी ३५.१०. चौथ्या वर्षी दिवाळीआधी डेंग्यू झाला. रक्ताचे रिपोर्ट व्यवस्थित आले, डॉक्टरांनी मोकळं केलं, घरचेही म्हणाले आता ठणठणीत. शर्यतीत लागली ३८ मिनिटं. अंगात अजून भरून आलेलं नव्हतं, ते या एका आकड्यानं सांगितलं. मग दोन महिने फक्त चालले.

हे सेकंदांचं काम किती चिवट असतं ते पाहायला लांब जायला नको. आपल्या मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०१८ साली त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मग स्वतःचाच विक्रम मोडत मोडत २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आला. सहा वर्षांत वीस सेकंदसुद्धा नाहीत! आपली पाच मिनिटं एका वर्षात कमी होतात, कारण आपण फार मागून सुरुवात करतो. आपल्या वयाला तो एक फायदाच आहे.

आता थोडं मुलींबद्दल. शाळेत आपण खो-खोत गुडघे फुटेस्तोवर पळायचो. दहावीनंतर किती जणी पळालो? परभणीच्या ज्योती गवतेनं २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला, तो मराठवाड्याच्याच मातीत पळून. आपल्यातल्या बहुतेकींचा दम मात्र दहावीनंतर मोजला गेला तो एकदम दवाखान्यात. मागच्या दिवाळीत मी तामसा रोडला पहाटे पळत होते. दुधाची कॅन घेऊन निघालेले एक काका गाडी हळू करून म्हणाले, "काहून पळायलीस ग बाई, बस चुकली का?" मी म्हटलं, "नाही काका, दम मोजायलेय." ते म्हणाले, "मग मोज बापा," आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात केला.

पळणं ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठीही माप आहे. केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी १९६८ साली बारा मिनिटांची चाचणी मांडली. बारा मिनिटांत किती अंतर जातं तेवढंच पाहायचं. हृदयाच्या, फुप्फुसाच्या रुग्णांना तर डॉक्टर सहा मिनिटं नुसतं चालायला लावतात आणि मीटर मोजतात. आपल्या गुरुजींनाही ते करता येईल. मात्र छातीत दुखत असेल, बीपी किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि एप्रिल-मेच्या उन्हातली वेळ डिसेंबरच्या वेळेशी ताडून पाहायची नाही, ती वाईटच येणार. रोजचं पळणं बोलता येईल इतकंच हळू ठेवायचं. जोर लावायचा तो चाचणीच्या दिवशी.

उद्या सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकापाशी जमू. काल आपल्यातल्या दोघांनी तामसा रोडला अडीच किलोमीटरवर फक्की मारून ठेवली आहे. मोटारसायकलच्या काट्यावर मोजलंय, म्हणजे शंभरेक मीटर इकडंतिकडं असेल. पण पुढच्या मेळाव्यालाही खूण तिथंच राहणार, तेव्हा चालेल. जाऊन परत यायचं. चालणाऱ्यांनी चालावं. वही घेऊन मी फाटकात बसणार नाही, मलाही पळायचंय. वेळ आपले पीटीचे सर लिहून घेणार आहेत, शिट्टीही तेच वाजवणार. पाणी आहे, अर्धापूरची केळी आहेत. चहा परत आल्यावर.